खिंडीपलीकडची पत्रं

मी सायकलवरून टपाल वाटायचे ना, तेव्हा एकदा खिंडीत असा वारा सुटला की त्यानं मला सायकलसकट चढावर ढकलत नेलं. पायडल मारायची गरजच पडली नाही. हँडलला पिशवीत कोंबडी होती. तिनं वाटेत अंडं घातलं आणि ते माझ्याआधी घरंगळत पलीकडच्या वस्तीत पोचलं.

ही गोष्ट मी भिंगरीला ती चार वर्षांची असल्यापासून सांगतेय. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव पडलं. आता सव्वीस वर्षांची झाली, तरी सायकलवरून उतरायचं नाव नाही. तिच्या सायकल क्लबची दरवर्षी शंभर किलोमीटरची राइड असते, आणि यंदा रूट आखायचं काम तिनं भांडून मिळवलं होतं. भांडली कुणाशी? क्लबच्या सेक्रेटरीशी. त्याला सगळे स्टॉपवॉच म्हणतात, कारण तो नमस्कारसुद्धा घड्याळ बघून करतो. त्याचं म्हणणं, डोंगरातून शंभरचा फेरा बसतच नाही, हायवेनं जा. हिचं म्हणणं, बसवून दाखवते.

आणि बसवला की तिनं! तीन आठवडे डोंगर पालथे घातले. शेवटचा खिंडीचा तुकडा तेवढा राहिला आणि खडीवर घसरून बाईसाहेब मनगट मोडून घरी. प्लास्टर. मग काँप्युटरवर नकाशा उघडून मला विचारते, "आजी, ही बारीक रेघ खिंडीतून पलीकडे जातेय. हीच ना तुझी वाट?"

मी म्हटलं, "हीच."

चष्मा नव्हता डोळ्यावर. असता तरी हीच म्हटलं असतं म्हणा.

बुधवारी ती नाचत आली. रूट मंजूर! रविवारी साठ जण त्या वाटेनं जाणार. मी कपबशी खाली ठेवली.

"भिंगरे, बस जरा. खिंडीतून वाट नाही."

"काय?"

"नाहीच. मी कधी खिंड ओलांडलीच नाही. वर पाण्याच्या टाकीपाशी पंपवाला असायचा. पलीकडच्या वस्तीचं टपाल मी त्याच्या हातात द्यायचे आणि मागे फिरायचे. तो न्यायचा."

ती हसत सुटली. "वा! ही नवीन आहे. आणि अंडं कुणी नेलं, पंपवाल्यानंच?"

"अगं खरंच सांगतेय!"

"आजी, तू प्रत्येक थापेआधी हेच म्हणतेस."

बावीस वर्षं खोटं सांगितलं तर पोरगी डोळे विस्फारून ऐकायची. एकदा खरं बोलायला गेले तर पोट धरून हसते! मी मुलाकडे गेले. म्हणजे भिंगरीच्या बाबांकडे. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, तिला घाबरवू नकोस गं, आधीच हात मोडलाय."

संताप संताप झाला नुसता. बरं, हे कबूल करणं मला काय सोपं होतं का? एकतीस वर्षं मी त्या वस्तीच्या टपालापुढे 'स्वतः पोचवलं' म्हणून सही ठोकली होती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी माझ्या गळ्यात हार घालून म्हटलं होतं, खिंड ओलांडणारी एकमेव बाई. तो फोटो अजून भिंतीवर आहे.

म्हटलं, पुरावाच देते. पंपवाल्याला फोन लावला. म्हातारा अजून टाकीपाशीच राहतो. भिंगरीच्या देखत स्पीकर चालू केला.

"काय हो, सांगा हिला. मी खिंड ओलांडायचे का?"

तो खणखणीत आवाजात म्हणाला, "म्हणजे काय ताई! रोज! पावसापाण्यात! मी स्वतः बघितलंय!"

"अहो, खरं सांगा!"

"खरंच तर सांगतोय. कोंबडीपण होती!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षांपूर्वी मीच या माणसाला गळ घातली होती, कुणी विचारलं तर असंच सांगा म्हणून. माणूस इतका इमानी असावा? भिंगरी विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होती. "झालं समाधान?"

गुरुवारी सकाळी घरातले सगळे उठायच्या आत मी तिची सायकल बाहेर काढली. चिठ्ठी लिहून ठेवली: टाकीपाशी आहे, येऊन बघ. माझं वय एकाहत्तर. पहिल्या वळणापर्यंत मी वाऱ्यासारखी गेले. दुसऱ्या वळणाला वारा संपला. तिथून पुढे सायकल माझ्यावर बसली होती की मी सायकलवर, सांगता येणार नाही. त्या दळभद्री सायकलला ना कॅरियर, ना घंटी, ना स्टँड, आणि सीट अशी की जणू सुरीच्या पात्यावर बसलेय. जास्त अंतर मी ढकलतच नेली. चारही बाजूंना उघडे माळ, झाड म्हणून नाही सावलीला. गुडघे शिव्या देत होते आणि मी त्यांना.

टाकीच्या फाटकाशी पोचले तर पंपवाला दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. "ताई! तुम्ही? काल बरोबर बोललो ना मी?"

"अगदी घात केलात!" मी म्हटलं आणि त्याच्या पायरीवर फतकल मारून बसले.

तासाभरात बापाची गाडी आली. भिंगरी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खाली उतरली ती फणफणतच. "आजी, डोकं फिरलंय का तुझं? पडली असतीस म्हणजे? बाबा घाटभर माझ्यावर..."

तिथंच ती थांबली.

फाटकाच्या मागे डांबर संपत होतं. पुढे हत्तीच्या पायाएवढा लोखंडी पाइप खिंडीवर चढत गेला होता, सरळ, नकाशावरच्या रेघेसारखा. त्याच्या कडेनं दगडी पायऱ्या. कडेला गंजका कठडा. सायकल तर सोडाच, शेळीनंसुद्धा दोनदा विचार केला असता.

"ती रेघ... पाइप आहे," भिंगरी म्हणाली.

पंपवाल्यानं गालावरचा वाळलेला फेस पुसला. "त्या पायऱ्यांनी मी न्यायचो टपाल. ताईंच्या गुडघ्याला तेव्हापासूनच त्रास. पण ताईंनी शब्द घेतला होता माझ्याकडून."

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. मी सायकलच्या चेनकडे.

"तो हार? तो फोटो?"

"तोसुद्धा," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली. "साठ माणसं आजी. स्टॉपवॉच सगळ्यांसमोर म्हणेल, बघा, सांगितलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी न बघता रूट दिला. तुझ्या भरवशावर."

माझा मुलगा गाडीला टेकून उभा होता. तो सायकल टपावर बांधायला लागला. शहाणा आहे.

मग ती म्हणाली, "इथून तू परत कशी जायचीस? आल्या वाटेनं?"

"छे. आल्या वाटेनं गेले तर खालच्या वाड्यांचं टपाल कोण देणार? सोमवार-बुधवार-शुक्रवार डावीकडून उतरायचं, मंगळवार-गुरुवार-शनिवार उजवीकडून."

तिनं खिशातून कागद-पेन्सिल काढली. उजव्या हाताला प्लास्टर, म्हणून कागद बापाच्या हातात दिला. "बाबा, लिही. आजी, दोन्ही बाजू जोडून सांग. वळणावळणानं. कोंबडी नको."

मी सांगायला लागले. विटांच्या भट्टीपासून डावीकडे. शाळेमागचा छोटा चढ, उभाच्या उभा. कोरडा ओढा, तिथं खडी, ब्रेक जपून. पिवळं कुत्रं होतं ती वाडी. इतकी नीरस गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती. मधेच जीभ वळवळायची. ओढ्यात एकदा मगर... असं तोंडाशी यायचं, की भिंगरी नुसती भुवई उचलायची.

आधी बघून ठेवलेल्या रस्त्यांना जोडत ती फोनवर एकेक तुकडा मोजत गेली. डांबर जवळजवळ सगळीकडे, हायवे कुठेच नाही, फेरा बरोब्बर जिथून सुरू तिथं बंद. तिनं बेरीज केली, परत केली आणि फोन मांडीवर आपटला.

"सत्त्याण्णव! फक्त सत्त्याण्णव! पदकांवर शंभर छापून झालंय. तीन किलोमीटर कुठून आणू मी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंपवालासुद्धा, एका गालाची दाढी तशीच ठेवून.

देवाशप्पथ सांगते, तीन किलोमीटर माझ्या जिभेवर अगदी तयार होते. दोन वळणं, एक जुनी विहीर आणि विहिरीत राहणारा एक निवृत्त तारमास्तर.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

भिंगरीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग नकाशा परत उघडला आणि बापाला म्हणाली, "गाडी काढ. शोधू या."