पुढच्या घोड्याची दोरी

म्हाळू धनगराच्या बिऱ्हाडात सासू गेल्यावर पुढच्या घोड्याची दोरी थोरल्या सुनेच्या, साखराबाईच्या हाती आली. ज्या बाईच्या हाती ती दोरी, तिचा शब्द साऱ्यांनी मानायचा. कुठं उतरायचं, कधी उठायचं, कुणी कुणाच्या मागं चालायचं, ते तिनं सांगायचं. मरताना सासू, कडूबाई, एवढंच बोलली होती, "नुसती दोरी धरून भागत न्हाई, साखरे. हुकूम गाजवावा लागतो."

गाजवायचं म्हणजे घसा फाटेस्तोवर, अशी साखराबाईनं समजूत करून घेतली, आणि देवानं घसाही तसाच दिला होता. "गावात जमादार आन रानात साखराबाई," असं तलवाड्याची माणसं म्हणायची. निजामाचा जमादार तरी महिन्याकाठी एकदा यायचा. ही रोज सकाळी होतीच.

तिचं सगळे ऐकायचे. गाऱ्हाणं ते नव्हतंच. गाऱ्हाणं निराळं होतं आणि कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. ती "पालं मोडा" म्हणाली की माणसं आधी धाकट्या जावेकडं, दगडाबाईकडं बघायची. दगडाबाई कोकराला पाजत बसलेली असायची. ती मान किंचित हलवायची, आणि मग पालं मोडली जायची. एवढंच. पण तेवढ्यानं साखराबाईच्या पोटात निखारा पडायचा.

एकदा ध्यानात आल्यावर ते तिला उठता-बसता दिसायला लागलं. धाकटा दीर बंकट बघायचा, तो तर दगडीचा नवराच, त्याचं सोडा. पण म्हाळू? तोही बघायचा. मेलं कुत्रंसुद्धा बघायचं!

"आवो, मी काय सांगितलं की तुमी तिच्याकडं कावून बघता?" तिनं एकदा नवऱ्याला धरलंच.

"कुणाकडं?"

"दगडीकडं!"

म्हाळूला खरोखरच ठाऊक नव्हतं. "भास झालाय तुला. समद्यांवर तूच तर गाजवती की," म्हणत तो मेंढीचा खूर तपासायला लागला. जाणूनबुजून खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

कहर केला तो वाटेवरच्या एका नव्या गावच्या आप्पांनी. खतासाठी शेतात मेंढरं बसवायची म्हणून ते बोलायला आले. "किती रात्री बसताल?" त्यांनी विचारलं. "तीन," साखराबाई म्हणाली. आणि आप्पांनी, ज्यांनी ह्या दोघींना त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं, त्यांनी दगडाबाईकडं बघितलं!

त्याच दुपारी साखराबाई गोड आवाजात म्हणाली, "दगडे, लई दिवस माहेराला गेली न्हाईस. जा, महिनाभर ऱ्हाऊन ये."

"बरं, बाई," म्हणून दगडाबाईनं भाकरी बांधली आणि ती निघून गेली. निदान भांडायचं तरी होतं! तेवढंही सुख तिनं दिलं नाही.

मग दहा दिवस साखराबाईनं हौस फेडून घेतली. उठा म्हटलं की उठत होते, बसा म्हटलं की बसत होते, आणि कुणाचीही नजर इकडची तिकडं होत नव्हती. भाकरीचा घासही गोड लागायला लागला.

अकराव्या दिवशी बिऱ्हाड गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, उताराला आलं. अलीकडचा चारा संपला होता, पलीकडं रान हिरवं होतं. पाणी गुडघाभरच होतं, पण गढुळलेलं, आणि वर पैठणच्या अंगाला आभाळ काळं झालेलं. कोकरं एका खेपेत नेण्यासारखी नव्हती. खेपा चालू असताना लोंढा आला तर आया पलीकडं आणि कोकरं अलीकडं. थांबावं तर कळप उपाशी.

"सांग, काय करायचं?" म्हाळूनं विचारलं. बंकटही तिच्याकडंच बघत होता. सगळे तिच्याकडं, फक्त तिच्याकडं बघत होते. ह्यासाठीच तर तिनं इतकी वर्षं जीव जाळला होता.

साखराबाईनं घसा खाकरला. "पानी..." म्हणाली, आणि तिची मान मागच्या घोड्याकडं वळली.

काखेत कोकरू घेऊन दगडाबाई तिथं उभी राहायची. आता तिथं नुसता घोडा शेपूट हलवत होता.

मान वळव म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आज पहिल्यांदा वळली असंही नव्हतं, हे तिला तिथंच, पाण्याच्या कडेला कळलं. आजवर दगडीची मान हललेली तिला रोज दिसत होती, ती कशी? साऱ्यांच्या आधी तीच तिकडं बघत होती म्हणून. दोरी हिच्या हातात, घसा हिचा कोरडा पडायचा, आणि ती बया कोकरू पाजता पाजता हिच्यावरसुद्धा गाजवत होती. साखराबाईला इतका मत्सर उभ्या जन्मात वाटला नव्हता.

"वैनी?" बंकट म्हणाला.

"आज हितंच पालं टाका," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की त्याला जवळ यावं लागलं. "आन तू जा. तिला घेऊन ये."

बंकट लगबगीनं निघाला, तसं तिनं त्याला हाक मारून थांबवलं.

"मी बोलावलंय म्हून सांगू नगंस."

बंकट मान हलवून वाटेला लागला.