गुरुवारचा वारा

सारायेव्हो शहरावर धुक्याचं झाकण बसलं होतं ते हलायचं नाव घेत नव्हतं. घराघरातल्या कोळशाचा धूर त्याखाली साचत होता, आणि शेफिक शेगडीशेजारी बसून एकेक श्वास ओढून घेत होते. खिडकी बंद, फटीत टॉवेल कोंबलेला.

"बाबा, आत्याकडे वर डोंगरावर चला ना. तिथे ऊन आहे," बेल्किसा म्हणाली.

"आणि वाटेत वाऱ्याचा झोत लागला म्हणजे? माझा भाऊ झोतानंच गेला."

"काका सिगरेटनं गेले."

"खोकला झोतानं सुरू झाला! आणि तूच म्हणालीस ना, गुरुवारी हवा मोकळी होईल? आज शनिवार. म्हणे हवामान खात्यातली पोरगी!"

बेल्किसाचा हिशोब चुकला होता. इंडोनेशियाच्या बाजूला ढगांचे मनोरे उठले होते. त्यांच्या उष्णतेनं वरच्या वाऱ्यांत लाट उठते आणि आठवड्या-दीड आठवड्यानं ती युरोपपर्यंत पोचते, शहरावर ठाण मांडलेला जड हवेचा डोंगर हलवते. तिनं ती लाट पाहिली आणि वडिलांना वार सांगून टाकला. पण अटलांटिकवरची वादळं एकामागून एक उबदार हवा उत्तरेला फेकत होती आणि त्याच डोंगराला पोसत होती. ढकलणारा हात तिनं मोजला, धरून ठेवणारा राहून गेला. आणि तिच्या शब्दावर बाबा या धुरात थांबले.

"माझं चुकलं, बाबा. वारा कधी येईल, मला सांगता येत नाही."

शेफिकनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांना खोकल्याची उबळ आली.

"गुरुवारची वाट बघता येते गं. वार नसलेल्या वाऱ्याची कशी बघायची?" ते भिंतीला धरून उठले. "टोपी दे. आणि गाडीच्या काचा वर."

काचा वर ठेवूनच ते आत्याकडे निघाले. आतली हवा कोंदली, तरी कोळशाचा वास आत येतच होता. वळणामागून वळण नुसतं राखाडी. बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बेल्किसा तोच ऐकत गाडी चालवत होती.

मग एका वळणावर एकदम निळं आकाश. रस्त्याच्या कडेला अर्धं शहर उन्हात उभं होतं, थर्मासमधली कॉफी पीत.

शेफिकनी स्वतःच काच दोन बोटं खाली केली. थांबले. मग पूर्ण खाली केली.

"झोत?" तिनं विचारलं.

"कसला झोत? पानसुद्धा हलत नाहीये." त्यांनी लांब श्वास घेतला. खाली शहराच्या जागी धुक्याची पांढरी, सपाट साय होती. "आत्याला सांग, मुक्काम आहे. किती दिवस, ते मात्र तू सांगू नकोस."