शकुनाचा ठोका

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि द्वारकाबाईची खोड साधीच होती. कुठलीही गोष्ट जागेवर ठेवली की पुन्हा एकदा हात फिरवून ती सारखी करायची. मग ती अंथरलेली चादर असो, नाहीतर तव्यावर टाकलेली भाकरी. घरात या खोडीचं कौतुकच होतं. वाळूजच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसपुढं मात्र ती जिवावर बेतणारी होती.

प्रेस आपल्या तालात आपोआप वरखाली व्हायचा. बाईनं साच्यात पत्रा ठेवून हात काढायचा. तयार तुकडा मागून यंत्रच उचलून पुढं सरकवायचं. समोर दोन खांब होते आणि त्यांच्यामधून न दिसणारा उजेड जायचा. त्याला सगळे 'डोळा' म्हणत. प्रेस खाली येताना हात त्या उजेडात राहिला की डोळा त्याला जागच्या जागी थांबवायचा, लाल दिवा लागायचा, आणि सुपरवायझर काकासाहेब येऊन चावी फिरवेपर्यंत सगळी लाईन ठप्प. द्वारकाबाईचा पत्रा जरा तिरका पडला की तिचा हात तो सारखा करायला परत आत जायचा. झालं, लागला दिवा.

काकासाहेब मनानं वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होते. "असंच चाललं तर तुम्हाला चितेगावच्या शेडला पॅकिंगला टाकावं लागंल," असं ते गणपतीच्या आधीच म्हणाले होते.

पॅकिंगचं द्वारकाबाईला काही नव्हतं. पण चितेगावला जहांआरा नव्हती. दोघी एकाच प्रेसवर होत्या. एकीनं पत्रा घालायचा, दुसरीनं तुकडे तपासून रचायचे, आणि चहानंतर जागा बदलायची. यायच्या एकाच रिक्षानं, आणि दुपारी जहांआराची तहरी नि द्वारकाबाईची ठेचा-भाकरी एकाच झाकणात पडायची. भांडण रोजचं होतं, त्यावाचून दोघींनाही घास उतरत नसे. जहांआराचा हात मात्र असा बसलेला, की तिच्यामुळं तो दिवा कधी लागलाच नव्हता.

गणपती उठले आणि नवल झालं. द्वारकाबाईच्या पाळीतही दिवा लागेनासा झाला.

"बघ, बसला का नाय माझा हात?" ती म्हणायची.

"हौ हौ," म्हणून जहांआरा खाली मान घालून तुकडे रचू लागायची. या वयात आपल्याला नवं काही जमलं, याचा द्वारकाबाईला एवढा आनंद झाला होता, की तिनं सुनेला मुद्दाम बसवून ते सांगितलं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. प्रेस बंद करून पुसला, हळदकुंकू वाहिलं. झेंडूचा हार द्वारकाबाईनंच ओवला होता आणि हौसेच्या भरात तो जरा लांबच झाला. वर बांधला तर त्याचं टोक उजेडातून आत जाऊन थेट साच्यावर लोंबू लागलं. नारळ फुटला. आता रीतीप्रमाणं शकुनाचा एक ठोका द्यायचा. काकासाहेबांनी बटण दाबलं. हार आडवा आलाय, आता दिवा लागणार नि सगळे आपल्याला हसणार, म्हणून द्वारकाबाई तो सावरायला पुढं होणार, तोच प्रेस खाली आला.

टाळ्या वाजल्या, पेढे फिरले. साचा वर गेला तेव्हा हाराचं टोक पापडासारखं चपटं झालं होतं. "घेतला देवानं निवद!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

द्वारकाबाईला मात्र कळलं, हार उजेडात असून दिवा लागला नव्हता. डोळा मिटलेला होता. आजचा नाही, गणपतीपासूनचा. तेव्हापासून रोज तिचा हात तिरका पत्रा सारखा करायला आत गेला होता, आणि तो परत आला ही निव्वळ नशिबाची गोष्ट होती. तिनं जहांआराकडं पाहिलं. जहांआरा त्या चपट्या फुलांकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिनं जहांआराला ओढतच पाण्याच्या टाकीमागं नेलं. "काय केलंस गं?"

"शफीकला बोलले मी." शफीक हा जहांआराचा भाचा, कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. "त्यानं तार जोडून डोळा बंद केला. तुला चितेगावला टाकत होते ना! तू गयी तो मैं झगडूं किससे? बोल!"

"आन् माझा हात गेला असता तर?"

"मी बघत होते ना. डोळ्यात तेल घालून तुझ्याच हाताकडं बघत होते." जहांआराला रडू फुटलं. "घरी झोप नव्हती येत. रोज वाटायचं, शफीकला सांगावं, दे खोलून. फिर लगता था, और एक दिन."

द्वारकाबाईला राग आला होता, आणि रागापेक्षाही वाईट वाटलं होतं. "मला वाटलं, माझा हात बसला," ती एवढंच म्हणाली. मग तिनं पदरानं जहांआराचे डोळे पुसले, जरा जोरातच पुसले, आणि काकासाहेबांकडं निघाली.

हे सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे तिला कळत होतं. डोळा उघडला की दिवा परत लागणार. तरी ती म्हणाली, "सायेब, डोळा मिटलाय. माझा हार आत होता, तरी प्रेस आला."

काकासाहेबांचा पेढा हातातच राहिला. मागोमाग जहांआरानं येऊन स्वतःचं आणि शफीकचं नाव सांगून टाकलं. दोघांनाही सगळ्यांदेखत बोलणी बसली. पण काकासाहेब स्वतःही ओशाळले होते. दिवा लागत नाही म्हणून सगळ्यात खूश तेच होते, आणि का लागत नाही, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

"डोळा आजच चालू करतो," ते म्हणाले. "पण द्वारकाबाई, मग तुमचं चितेगावचं बघावं लागंल."

"जाईन की. दोन्ही हात घिऊन जाईन."

दसऱ्याची सुट्टी संपली. आता रोज काम सुरू करण्याआधी उजेडात काठी धरून डोळा तपासायचा, असा नवा नियम झाला. द्वारकाबाईला सोमवारपासून चितेगावला जायचं होतं. इथल्या शेवटच्या दिवशी दोघी भांडत नव्हत्या, आणि हे लक्षण काही चांगलं नव्हतं. जहांआरा पत्रा घालत होती, द्वारकाबाई तुकडे रचत होती.

"मी नसले तरी वक्तावर जेवत जा," द्वारकाबाई म्हणाली. "तुला ध्यान ऱ्हात नाय."

जहांआरानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. काहीतरी फटकून बोलायचं म्हणून ती शब्द जुळवू लागली. आणि तिचा तो इतका बसलेला हात साच्यातच राहिला.

प्रेस खाली येता येता थांबला. लाल दिवा लागला.

जहांआरानं हात बाहेर काढला आणि तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी त्याच्याकडं बघत राहिली. द्वारकाबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट दाबून पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

काकासाहेब चावी घेऊन आले. "परत का, द्वारकाबाई?"

"मेरा हाथ था, साहब," जहांआरा म्हणाली. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "आता मलाबी चितेगावला पाठवा. हिच्यासंगं."

काकासाहेबांनी अधांतरी थांबलेल्या साच्याकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं. घाम पुसून ते म्हणाले, "कुणी कुठं जात नाय. थांबू द्या प्रेसला, किती बी येळा थांबायचं तेवढं."

ते चावी लावायला वाकले.

"सायेब, जरा दम धरा," द्वारकाबाई म्हणाली. "हिचे हात लई कापायलेत."

काकासाहेब चावी हातात घेऊन उभे राहिले. सगळी लाईन ठप्प होती, आणि कुणीही घाई केली नाही.