निमाडचा नमुना

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातले शालिग्रामभाऊ नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते, पण गावात त्यांची ओळख होती ती आजारपणामुळे. वय पंचेचाळिशीच्या आसपास आणि आजारपण दहा-बारा वर्षांचं. त्याला नाव नव्हतं. कधी छातीत बारीक कळ, कधी पोटात वायूचा गोळा, संध्याकाळी अंगात कसर. ती थर्मामीटरमध्ये कधी दिसत नसे. भाऊंच्या मते तो थर्मामीटरचा दोष होता. बुधवाऱ्यातल्या दिगंबर डॉक्टरांनी काढे, पुड्या, सुया सगळं करून पाहिलं होतं. आता ते नुसतंच "जपा" म्हणत.

जपण्याचं काम भाऊंच्या बायकोकडे, मनकर्णाबाईंकडे होतं. भाऊंसाठी पाणी वेगळं उकळायचं, वरण बिनफोडणीचं करायचं, दुपारी बकरीचं दूध नाक्यावर नेऊन द्यायचं, झोपताना तळपायांना एरंडेल चोळायचं. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात दोघंच उरली होती, तरी बाईंचा चुलीपुढचा वेळ कमी झाला नव्हता.

१९५५ च्या दिवाळीनंतर नागपूरहून डॉक्टरांचं एक पथक बुऱ्हाणपुरात आलं. तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. निरोगी माणसाच्या रक्तात काय किती असावं, याचे आकडे तोवर विलायती पुस्तकांतून घेत असत. आपल्याकडच्या धडधाकट माणसाचं प्रमाण एकदा ठरलं, की आजारी कोण हे नीट कळेल, असा संशोधनाचा हेतू होता. बुधवाऱ्यातल्या एका शाळेत टेबलं मांडली गेली आणि फक्त निरोगी माणसांनी यावं, अशी दवंडी फिरली.

पहिल्याच दिवशी भाऊ रजा टाकून, गळ्याला मफलर गुंडाळून तिथं हजर झाले. टेबलापाशी कोकिळाबाई नावाच्या तिशीच्या डॉक्टर बसल्या होत्या.

"बाई, माझी पूरी जाँच करा," भाऊ म्हणाले.

"काही त्रास आहे का?"

भाऊ खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. त्यांचं सांगून झालं तेव्हा डॉक्टरांचा चहा गार झाला होता.

"मग तुम्ही इथं नको," त्या म्हणाल्या. "आम्हाला निरोगी माणसं हवीत."

"निरोगी माणसांत शोधून तुमच्या हाती काय लागणार? रोग माझ्यात आहे. सापडला तर नाव तुमचं होईल!"

मागची रांग कुरकुरायला लागली. भाऊ खुर्ची सोडीनात. अखेर कोकिळाबाईंनी त्यांना तपासायला घेतलं. छाती, नाडी, रक्तदाब झाला; रक्त, लघवी, शौच सगळं तपासायला घेतलं. दोन दिवसांनी बोलावलं.

"शालिग्रामभाऊ, तुमच्यासारखा माणूस आम्हाला अख्ख्या निमाड जिल्ह्यात मिळाला नाही."

भाऊंचा चेहरा उजळला. "मी म्हणतच होतो! किती वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही. तुमचं रक्त, तुमचं हृदय पुस्तकात चित्र काढावं इतकं चांगलं आहे. तुम्हाला आम्ही नमुना म्हणून धरलंय."

भाऊंना आधी अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं सोसलेलं एका बाईनं दोन वाक्यांत पुसून टाकलं होतं. पण डॉक्टर पुढं म्हणाल्या, "यापुढं इथल्या माणसाचं रक्त कमी की पुरेसं, हे तुमच्यासारख्यांवरून ठरेल." तेव्हा ते थबकले.

"म्हणजे छापून येणार?"

"आकडे येतील."

एवढ्यात मनकर्णाबाई दुधाचा तांब्या घेऊन आल्या. शाळेच्या चारदोन पायऱ्या चढून त्या दाराशी आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. कोकिळाबाईंनी उठून त्यांना बसवलं, खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती कागदासारखी पांढरी होती.

"तुम्हाला काय होतं, बाई?"

"मले? मले काही नाई. घरात आजारी माणूस आहे, मले कुठं फुरसत?"

त्यांच्याही बोटाला सुई टोचली. असायला हवं त्याच्या निम्मंही रक्त बाईंच्या अंगात नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत पोटात जंत निघाले, आतड्याला चिकटून रक्त पिणारे. डॉक्टरांनी जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पालेभाजी, गूळ, डाळ भरपूर खा, अनवाणी फिरू नका आणि दोन महिने पाण्याची घागर उचलू नका, असं बजावलं.

"हिले काय होणार?" भाऊ म्हणाले. "ही तर कधी आजारीच पडत नाई."

पण घरी आल्यावर त्यांनी सूत्रं हाती घेतली. आजारपण हा त्यांचा विषय होता. त्यांनी पालकाला वातूळ ठरवलं, गूळ उष्ण ठरवला आणि बाईंपुढं बिनफोडणीचं वरण ठेवलं. मनकर्णाबाईंनी ताट बाजूला सारलं.

"हे तुमचं पथ्य आहे. माझं वेगळं सांगितलं डॉक्टरीणबाईनं. गूळ आणा."

भाऊ गूळ घेऊन आले. लग्नानंतर बाईंनी पहिल्यांदाच त्यांना काही आणायला सांगितलं होतं.

तोवर आपण सरकारी नमुना असल्याचं भाऊंनी गावभर करून टाकलं होतं. त्याचे परिणाम लवकरच दिसले. बाईंऐवजी आता पाणी भाऊच भरत; विहिरीवर ते कमरेला हात लावून उभे राहिले, तर बायका म्हणाल्या, "भाऊ, नमुन्याले दोन घागरी काय जड?" नाक्यावर खकनारहून कापसाच्या गाड्या आल्या, की गाडीवर चढून गठ्ठे मोजायला त्यांनाच पुढं करत. छातीत कळ येते म्हणून रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "तुम्ही आजारी, तर आम्ही सगळे मेलेलो का?" भाऊंना रडावं की अभिमान बाळगावा, ते कळेना.

इकडे मनकर्णाबाईंच्या गालांवर रंग आला. जिना चढताना त्या आता थांबत नव्हत्या. होळीनंतर त्या खकनारला बहिणीकडं गेल्या आणि कोणालाही न विचारता आठ दिवस राहिल्या. भाऊंनी स्वतःची खिचडी स्वतः शिजवली. फोडणीसुद्धा घातली, असं शेजारच्यांनी सांगितलं.

पुढं नोव्हेंबरात राज्यांची नवी रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहिलं, पण राजधानी आता भोपाळ. काही महिन्यांनी अहवालाची प्रत दिगंबर डॉक्टरांकडे आली. भाऊ चष्मा पुसत तिथं गेले.

"निमाड यात नाही, भाऊ," डॉक्टर म्हणाले. "नागपूरवाल्यांना आपला जिल्हा आता दुसऱ्या राज्यातला झाला म्हणून ते आकडे गाळले."

"म्हणजे मी निरोगी नाही?"

"आहात की. पण आता सरकारकडून नाही."

भाऊ हळूहळू घरी आले. आता पुन्हा आजारी पडायला कोणाची हरकत नव्हती. पण घागरींची सवय लागली होती, आणि छातीतली कळ आठवायला गेलं तर ती नेमकी कुठं असे, हेच आठवेना.

त्या पावसाळ्यात एका दुपारी ते नाक्यावरून लवकर आले आणि घोंगडी ओढून पडले. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला, एक शब्द न विचारता चपला घातल्या आणि भर पावसात बुधवाऱ्यात गेल्या. दिगंबर डॉक्टर यायला तयार नव्हते. बाई त्यांची पेटी स्वतः उचलून चालू लागल्या, तेव्हा त्यांना मागोमाग यावंच लागलं. मलेरिया निघाला. औषध लागू पडलं.

ताप उतरल्यावर भाऊंनी विचारलं, "या वेळी खरं आहे, हे तुले कसं समजलं?"

"या वेळी तुम्ही काही बोलले नाई."

"आणि आधीचं?"

"आधीचं काही नाई, हे मले पहिल्यापासून माहीत होतं."

"मग इतकी वर्षं केलं कशाले?"

"तुमले दारू नाई, पत्ते नाई, कोणी दोस्त नाई. एक आजार होता. म्हटलं, असू द्या."

आठवड्याभरानं भाऊ नाक्यावर रुजू झाले. सोबतच्यांना वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार. एकानं भीतभीतच विचारलं, "काय झालं होतं, भाऊ?"

"काही नाही, जरा मलेरिया," भाऊ म्हणाले आणि केळीच्या गाड्या मोजायला बाहेर गेले.