दांड्यातला गॅस

मेकॅनिककाकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. खरखर नाही, टकटक नाही, म्हणजे बिघाड नाही. गेले तीन आठवडे पंप असा शहाण्यासारखा वागत होता, आणि आज ती शांतता काकांना उगाचच खटकली.

अंगणातली अवाढव्य तबकडी आकाशातल्या रेडिओ लहरी पकडायची. तिचं यंत्र थंड ठेवणं हे पंपाचं काम. यंत्र जरा तापलं की दूरचे क्षीण संदेश त्याला कळतच नसत. तापमानाचा मीटर महिन्यापूर्वी बंद पडला, पण "काकांचा कान आहे ना," म्हणून कुणी तो बदलला नव्हता. काकांनाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

एवढ्यात संशोधक मॅडम धावतच जिना उतरल्या.

"काका, सापडलं! आपल्या त्या लांबच्या दीर्घिकेच्या मधल्या दांड्यात, त्या ताऱ्यांच्या लांबट पट्ट्यात, गॅस उरलेलाच नाही! म्हणजे तिथे नवे तारे जन्मणंच बंद. अकरा वर्षं शोधत होते मी हे!"

"आधी दिसायचा ना?"

"मागच्या महिन्यात पुसटसा वाटला होता. पण गेले तीन आठवडे काहीच नाही."

तीन आठवडे. पंपही तेवढेच दिवस शांत होता. सकाळीच बायको ओरडली होती, "अहो, टाकी भरून वाहतेय! कान काय गहाण टाकलेत?" तेव्हा ते हसले होते.

त्यांनी पंपावर तळहात ठेवला. हाताला टकटक लागत होती, लयीत, अगदी स्पष्ट. कानाला मात्र काहीच नाही.

गप्प बसता आलं असतं. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, आणि मॅडमचा चेहरा इतका आनंदी त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"मॅडम, इथे हात लावा."

त्यांनी लावला. चेहरा उतरत गेला.

"हे कधीपासून?"

"तेच तर मला माहीत नाही. तिथे गॅस असेल, नसेलही. इथलं यंत्र बहिरं झालंय. आणि मीसुद्धा."

मॅडम पंपाकडे बघत हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. काकांना ते ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर फडक्याने नीट पुसला आणि मूठ मॅडमकडे करून पुढे धरला.