पाहुण्यांचं पाणी

“पाणी कुठलं पिता?” बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं.

आई तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, “पाण्याची काळजी न्हाय, साहेब. गावाला हिरवं कार्ड हाय.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, तिखट बंद. मागच्या वेळी चहा बंद झाला होता, त्याआधी वांगं. आईचं पोट आणि हातांची खाज मात्र चालूच होती. बंद करण्यासारखं आता फक्त जेवण उरलं होतं.

हिरवं कार्ड माझ्यामुळं होतं. मी सुयश, कळसच्या अलीकडच्या आमच्या वाडीचा जलसुरक्षक. टाकीत पावडर टाकायची आणि नळाचं पाणी बाटलीत भरून इंदापूरच्या प्रयोगशाळेत द्यायचं, हे माझं काम. पाणी चांगलं निघालं की हिरवं कार्ड. वाईट निघालं की लाल, मग चौकशी आणि टँकर. आमच्या विहिरीशेजारी ओढा आहे, ओढ्याला वरून साखर कारखान्याच्या मळीचं पाणी येतं आणि नळाला कोऱ्या चहासारखं. तरी कार्ड हिरवंच.

याचं कारण मी शोधून काढलं होतं. सकाळी बाटली भरून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायचो, तेव्हा पाणी पिवळं असायचं. बाहेरच्या खोलीत भाकरी खाऊन येईपर्यंत नितळ. तळाला गाळसुद्धा नाही. म्हणजे पाणी एका भाकरीत निवळतं. मी गावाला तसं सांगितलं. लोक भरलेल्या हंड्यासमोर बसून भाकऱ्या खाऊ लागले. पाणी पिवळंच राहिलं.

“तुजी भाकरी जवारीची का बाजरीची?” सरपंच हिंदुराव तात्यांनी मला गंभीरपणे विचारलं.

पुढं कार्डाबद्दल गावाचा सत्कार झाला. निम्मी वाडी आली नाही. ती सलाईनवर होती.

डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना द्यायचा होता. घरात आता तिखट बंद, त्यामुळं ताटात चटणी नव्हती. ती आणायला मी अर्ध्या भाकरीवरून उठलो. आत आई माझी बाटली मोरीत रिकामी करत होती. मग तिनं ती विकतच्या पाण्याच्या जारखाली धरली.

“आई, काय करतीस?”

“पाणी बदलती. दर बारीला बदलती.” ती दचकलीसुद्धा नाही.

“आगं, पर का?”

“लॅबमधली ती मेघना म्याडम, शिकल्याली पोरगी. तिच्या हातात असलं पिवळं पाणी द्यायचं व्हय?”

“तपासायला न्हेतोय मी! प्यायला न्हाय!”

“कशाला का न्हीना. आपल्या घरचं पाणी कुणी मागून न्हेलंय का कधी? तुज्या आज्याच्या वंजळीत लांबनं वतायचे. आता सरकार बाटली घिऊन दारात येतंय, आन् त्याला हे देऊ?”

दोन वर्षं मी आईच्या पाहुणचाराचा नमुना देत होतो.

“आन् तू कुठलं पितीस?”

“नळाचं. जार पाव्हण्यांचा हाय. मी काय पाव्हणी हाय व्हय?”

“मग मला?”

“तुला जारातलं. तू तरी घरात कुठं असतूस?”

मला कधीच काही होत नाही, याचं श्रेय मी व्यायामाला देत होतो.

मी जारातलं पाणी तांब्यात ओतून आईच्या हातात दिलं. बाटली पुन्हा नळाखाली धरली. पिवळं आलं.

“हे गेलं की लाल कार्ड येईल,” मी म्हणालो. “टँकर येईल. डॉक्टरला खरं सांगता येईल.”

ती बाटलीकडं बघत राहिली. “आमच्याकडं जार हाय म्हणून सांगशील का म्याडमला?”

“सांगतो.”

मी गाडीला किक मारली तशी ती बाहेर आली आणि बाटलीला हात घातला. मी सोडेना.

“वतत न्हाय रं.”

मी सोडली. तिनं पदरानं बाटली पुसली. बूड पुसलं, झाकण पुसलं, मग उन्हात धरून बघितली. पिवळीच होती. तिनं पुन्हा पदर घेतला आणि पुसत राहिली. मी गाडी बंद केली.