करवलीचं हसू

रुपालीनं वरचा ओठ उचलून घेतला तो भावाच्या, ओंकारच्या लग्नासाठी. खोटं कशाला बोला, लग्नाच्या फोटोंसाठी. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर ती दिवसभर पाहुण्यांना हसून दाखवायची, पण स्वतःचा फोटो पाहावा तर वरचा ओठ गायब आणि नाकाखाली नुसतं पटांगण. पुण्याच्या डॉक्टरांनी नाकाच्या बुडाशी चीर देऊन ओठ वर घेतला. काम झकास झालं. लग्नापर्यंत वण फिका पडेल असा हिशोब होता.

तेवढ्यात मंगल कार्यालयाची आधीची तारीख रिकामी झाली आणि वडीलधाऱ्यांनी लग्न अलीकडे ओढलं.

"टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही," डॉक्टर म्हणाले. "आता ताण पडला तर वण रुंद होईल. पट्टी लावा, ऊन टाळा आणि मोठ्यानं हसू नका. अगदीच आवरेना तर दोन्ही गाल आत दाबून धरा."

म्हणजे हसण्यासाठी ऑपरेशन केलं आणि नेमकी हसायलाच बंदी. तिला रडू आलं. पण रडतानाही ओठ ताणतो, म्हणून तेही गिळलं.

भाजे गावी माहेरी तिनं गळू कापल्याची थाप मारली. आई झुंबरबाई हळद-चुना कालवून मागे लागल्या.

"लावून घे गं. दोन दिसात खपली धरल."

"नको," रुपाली ओठ न हलवता म्हणाली.

"बोलती बी कशी, दातखीळ बसल्यावानी."

लग्नात करवली म्हणून ती ओंकारच्या मागे उभी राहिली ती अशी, की जणू वसुलीला आली आहे. हळदीत हसली नाही, घास भरवताना हसली नाही. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. करवलीला नवरी पसंत नाही, ही बातमी जेवणाची पंगत उठायच्या आत नवरीपर्यंत पोचली. नवरी कोमल आंबी गावची, तिथल्याच कंपनीत नोकरीला. तशी धीट पोरगी, पण हे ऐकून तिचा चेहरा उतरला.

संध्याकाळी वरात दारात आली. दार अडवायचा मान करवलीचा. नवरीनं नाव घ्यायचं, करवलीनं तिची होणारी लेक सून म्हणून मागायची, सगळ्यांनी हसायचं आणि मग माप ओलांडायचं. रुपाली दोन्ही हातांत ओवाळणीचं भरलेलं ताट घेऊन उभी राहिली.

"भाज्याच्या वाटेवर करवंदांची जाळी, ओंकाररावांचं नाव घेते गृहप्रवेशाच्या वेळी," कोमल म्हणाली.

"लेक देशील का माझ्या लेकाला?" रुपालीनं बंद दातांतून विचारलं. ती मागणी कसली, धमकीच वाटली.

"देईन, ताई." रुपालीच्या चेहऱ्यावरची रेघही हलेना, तशी कोमल घाबरली. "दोन देईन."

मागून कोणीतरी खुसपुसलं, "अजून एक नाव घे, म्हंजी सोडल." कोमलच्या डोक्यात काही उरलं नव्हतं. तोंडाला येईल ते बोलली.

"चिक्कीच्या कढईत गुळाचा पाक, ओंकाररावांचं नाव घेते, सरळ करा नाक."

झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला. आणि रुपालीच्या पोटातून हसू उसळलं. एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं. ती ओठ आवळून थरथरू लागली, ताटातलं निरांजन हललं, अक्षता सांडल्या. कोमलला वाटलं, ही संतापानं थरथरते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी रुपालीला पाहवेना. पोरगी तिला पहिल्या भेटीपासून आवडली होती. ती पुढे वाकली.

"रागावले नाही गं," ती कुजबुजली. "ओठाचं ऑपरेशन केलंय. हसले तर वण पसरेल. माझे हात अडकलेत. गाल दाब माझे, लवकर."

कोमलनं नाकाखालची पट्टी पाहिली आणि मेंदीभरल्या हातांनी नणंदेचे दोन्ही गाल गच्च आत दाबले. मग रुपाली हसली. आवाज नाकातून निघाला, डोळ्यांतून धारा लागल्या. कोमलही हसत सुटली. फोटोग्राफरनं तेवढंच टिपलं.

वण पुढे केसाएवढा बारीक राहिला, शोधल्याशिवाय सापडत नाही. पण भिंतीवर मोठा करून लावलेला फोटो तोच आहे. त्यात रुपालीच्या तोंडाचा चंबू झालाय आणि इतका खर्च करून उचललेला ओठ कुठंच दिसत नाही.

"आमची सून," झुंबरबाई आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतात. "आली त्याच दिशी नणंदंचं तोंड धरलं तिनं."

रुपालीला आता मनसोक्त हसायची मोकळीक आहे. तरी हसू फुटायच्या आधी ती कोमलपुढे गाल करते.